ओली बाटली बंद करायची नाही

शनिवारी दिवेलागणीला तिघं येतात. चष्मेवाले काका, बेकरीवाले काका आणि सगळ्यात मागून उतारसम्राट. चढ आला की हे सायकल हातात धरून चालतात आणि उतार लागला की सगळ्यांच्या पुढे जातात, म्हणून बाबांनी त्यांना ही पदवी दिली होती. तिघांच्या हातात पिशव्या, पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या.

"घे बाळ, आणला बघ कचरा," चष्मेवाले काका म्हणतात. मी पिशव्या घेते. दार लावलं की स्वयंपाकघर एकदम लहान होतं.

बाबांनी जन्मभर पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं, त्यामुळे त्यांचा कुठल्याच पाण्यावर विश्वास नव्हता. निवृत्तीनंतर हे चौघं दर रविवारी पहाटे आमच्या पायरीवरून सायकली काढू लागले. एकदा बेकरीवाले काका वाटेतच पोट धरून बसले. बाबांनी त्यांच्या बाटलीच्या तोंडात टॉर्च मारला, तर आत काळी बुरशी. "यातून पाणी पितोस? मी यातलं पाणी पायांवरसुद्धा घेणार नाही," म्हणाले, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या बाटल्या जप्त झाल्या. शनिवारी आणून द्यायच्या, रविवारी भरलेल्या घेऊन जायच्या.

बाबा बाटल्या कशा धुवायचे, हे मला पाठ आहे. झाकण वेगळं करायचं. पाणी ओढायची मऊ तोटी उपटून काढायची. झाकणातली रबरी रिंग टाचणीने उचलायची, कारण सगळी घाण तिच्याखाली दडते. कोमट पाणी, खायचा सोडा, लांब दांड्याचा ब्रश. उकळतं पाणी नाही, प्लास्टिक वाकडं होतं. मग भिंतीवरच्या फळीच्या खुंट्यांवर बाटल्या उलट्या टांगायच्या, झाकणं शेजारी उताणी. ओली बाटली बंद करायची नाही. आमच्या शाळेच्या बाटल्यांपासून हे ते इतक्यांदा म्हणत, की आम्ही बहिणी लहानपणी त्यांची नक्कल करायचो.

बाबा गेले त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तिघं दारात येऊन उभे राहिले. हातात पिशव्या होत्या. आधी त्यांनी पिशव्या पुढे केल्या की आधी मी हात पुढे केला, आता सांगता येणार नाही. मी घर आवरायला म्हणून आले होते. घर कधीच आवरून झालं. कपडे गेले, पुस्तकं खोक्यांत गेली, सायकल चष्मेवाल्या काकांच्या नातवाने नेली. मागे राहिलं ते एवढंच. या म्हाताऱ्यांना दुसरं कोण आहे, असं म्हणत मी एकेक शनिवार पुढे ढकलत होते. माया म्हटली तर माया, पण अवघड जागेचं दुखणं. सांगायचं कुणाला?

ताईला सांगून पाहिलं.

"तुझ्या ऑफिसातून मला फोन आला होता," ती म्हणाली. "सोमवारी टेबलाशी दिसली नाहीस, तर तुझ्या जागी दुसरी मुद्रितशोधक घेणार आहेत. कळलं?"

"कळलंय."

"मग?"

"रविवारी काकांना बाटल्या द्यायच्यात."

"एवढी शिकलीस, एवढं वाचलंस," ताई म्हणाली, "आणि तीन म्हाताऱ्यांच्या बाटल्या विसळत बसलीस! त्यांना हात नाहीत?"

"तू इथे असतीस तर तूही धुतल्या असत्यास."

"नसत्या. मी डिशवॉशर आणला असता."

मला हसू आलं, म्हणजे तिलाही आलं असणार. मग तिने फोन ठेवला. मी पिशव्या मोरीत रिकाम्या केल्या.

उतारसम्राटांची बाटली नेहमीप्रमाणे चिखलाने माखलेली होती. ती नळाखाली धरणार तोच हात थांबला. महिनाभर रस्ते कोरडे ठणठणीत होते. चिखल आला कुठून? दिव्याखाली नेऊन पाहिलं, तर वाळलेल्या चिखलात चार बोटांचे फराटे होते, वरपासून खालपर्यंत, एखाद्याने भिंत सारवावी तसे. झाकण उघडलं. आत बाटली लख्ख. वास घेतला, तर सोड्याचा.

बेकरीवाल्या काकांची उघडली. पूर्वी या बाटलीतून साखरेच्या पाण्याचा आंबूस भपकारा यायचा. आता काही नाही. रिंग उचलायला टाचणी लावली, तर रिंगच उलटी. तिची एक बाजू सपाट असते, दुसरी गोल. सपाट बाजू वर, ही बाबांची पद्धत आणि माझीही. गेल्या शनिवारी मी ती तशीच बसवली होती. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी ती काढली होती, धुतली होती आणि चुकीची बसवली होती. चष्मेवाल्या काकांच्या झाकणातली रिंग सरळ होती, पण तोटीत चष्मे पुसायच्या फडक्याचा एक निळा धागा अडकला होता.

मी स्टुलावर बसले. तिघंही बाटल्या घरी धुतात आणि मग माझ्याकडे धुवायला आणतात. उतारसम्राट तर वर कुंडीतली माती लावून आणतात. पोरीला काहीतरी काम हवं, नाहीतर खचेल, असं त्यांचं ठरलं असणार. मला वाटत होतं, मी त्यांना सांभाळतेय.

रागाने कान तापले. मग नजर फळीकडे गेली. सगळ्यात डावीकडच्या खुंटीवर बाबांची बाटली होती. तिच्यातून कुणी पाणी प्यायलं नव्हतं आणि तरी दर शनिवारी मी ती बाकीच्यांबरोबर उतरवून, रिंग काढून, ब्रश फिरवून पुन्हा टांगत आले होते.

त्या संध्याकाळी मी एकही बाटली धुतली नाही. तेवढा चिखल पुसला, उलटी रिंग सरळ केली, बाटल्या भरल्या आणि बॅग भरली.

पहाटे तिघं पायरीवर आले. उतारसम्राटांनी एक मोठा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! हात लागावा तर तुझा. अगदी तुझ्या बाबांसारखं. घरी कितीही धुतली तरी ही गोडी नाही."

"काका, मी ती धुतलीच नाही."

"अं?"

"काल वरचा चिखल पुसला. बाकी नुसतं पाणी भरलं. आतून तुम्ही दिल्यात तशाच आहेत."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. बेकरीवाल्या काकांनी सायकलची घंटी उगाचच पुसली.

"तुमची रिंग उलटी बसली होती," मी त्यांना म्हटलं. "सपाट बाजू वर. मी फिरवलीय."

"सांगत होतो याला!" चष्मेवाले काका उसळले. "अगं बाळ, या गाढवाला तीनदा दाखवलं."

"तू गप बस," बेकरीवाले काका म्हणाले आणि उतारसम्राटांकडे वळले. "आणि तो चिखल कुणाचा होता? म्हटलं होतं ना, एवढा थापू नकोस!"

"बाटली कोरी दिसली असती तर?" उतारसम्राट पुटपुटले. "मला वाटलं, पोरगी काय करेल मग."

माझी बॅग दारामागे होती, ती त्यांना दिसली. चष्मेवाल्या काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"आजच?"

"दुपारी. उद्या कामावर जायचंय."

"जा," ते म्हणाले. "जायलाच हवं." मग फार हळू, "पण आम्ही आता रविवारी जमायचं कुठे?"

तेव्हा मला कळलं, की अडकलेली मी एकटीच नव्हते.

"इथेच," मी म्हटलं. "दार बंद असेल."

"असू दे," उतारसम्राट म्हणाले. "पायरी कुठे जाते?"

ते निघाले. कोपऱ्यापर्यंत चढ आहे, तिथे उतारसम्राट खाली उतरून चालू लागले आणि बाकीचे दोघं थांबले. ते दिसेनासे झाल्यावर मी आत आले, बाबांची बाटली खुंटीवरून काढली आणि झाकण वेगळंच ठेवून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात घातली.