ब्याऐंशी वर्षांचा खुबा

शांताबाई बुढापारा मोहल्ल्यातल्या घराच्या ओट्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. समता कॉलोनीतल्या नर्सिंग होमच्या डॉक्टरानं एक्स-रे उजेडाला धरला, मग वय विचारलं. मायानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, ब्याऐंशी सांगितलं आणि तिथंच सगळं फिसकटलं.

"ऑपरेशन रहने दीजिए, दीदी. घर में लिटाके सेवा कीजिए. इस उमर में चलके करना क्या है?"

मायाचं टाळकंच सरकलं. नवं राज्य होऊन शहराची राजधानी झाली, उड्डाणपूल झाले, गल्लोगल्ली दवाखाने झाले, पण म्हाताऱ्या माणसाला मोडीत काढायची खोड काही जाईना मेल्यांची! अंथरुणाला खिळलेलं माणूस कसं संपतं, ते तिनं वडिलांच्या पाठीवरच्या जखमा पुसताना पाहिलं होतं. आईचं तसं होऊ द्यायचं नाही, मग कोणाशीही भांडण होवो.

"हार्ट ठीक है? शुगर?"

"वो तो ठीक है."

"तो लिखके दीजिए, सब ठीक है, सिर्फ उमर देखके मना किया. नीचे साइन और सील. मैं दूसरे डॉक्टर को दिखाती हूं."

डॉक्टर खुर्चीत सावरून बसला. "कर देंगे. पर पहले भैया से पूछ लीजिए."

भैया म्हणजे मायाचा नागपूरचा भाऊ, गौतम. तो फोनवर म्हणाला, "काहून तरास देऊन राहिली तिले? पडू दे ना शांत."

"तू येऊन पाठ पुसशील का तिची? नाही ना? मंग चूप बस!" मायानं फोन कापला आणि ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म पुढ्यात ओढला.

"अवं माया."

आवाज स्ट्रेचरवरून आला. दुखण्याची सुई दिल्यापासून शांताबाई झोपल्यात, असंच सगळे धरून चालले होते.

"तो नाही म्हणून राहिला, तू हो म्हणून राहिली. मले विचारलं का कोणी?"

मायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच की! एवढा तोरा मिरवला, पण विचारलं तिनंही नव्हतं. ती आईच्या तोंडाशी वाकली.

"आई, धोका आहे थोडा. टेबलावरच काही झालं तर... करायचं?"

"हव. आण तो कागद."

पडल्या पडल्याच त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वेडंवाकडं, वेळ घेऊन. मग कागद डॉक्टरापुढे धरला.

"अब इधर देखके बोलो. कब करते?"

डॉक्टर उठून स्ट्रेचरपाशी आला. "परसों सुबह, अम्मा."

"परसों क्यों? कल करो."