कुलूप लावलेली बांय

मित्रांनो, मी डिचोली शहरातल्या एका वाड्यावरची, म्हणजे आळीतली, जुनी विहीर आहे. इथले लोक मला बांय म्हणतात. जांभ्या चिऱ्यांनी मला बांधले तेव्हा वाड्यावर नळ नव्हता. घरोघरच्या बाया आपापला दोर आणि कळशी घेऊन यायच्या. माझ्या काठावर पाण्याइतकीच भांडणे आणि थट्टाही उपसली जायची.

पुढे नळ आले आणि माझी गरज संपली. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ माझ्यात साचली. लोकांनी निर्माल्य टाकले, फुटक्या बाटल्याही टाकल्या. मी गाळाने भरून गेले.

गोवा राज्य झाले, त्याच्या पुढच्या वर्षी वाड्यावर निसर्ग मंडळ निघाले. सुमंगलाबाई त्याच्या प्रमुख; पालिकेच्या निवडणुकीलाही त्या उभ्या राहणार होत्या. त्यांची तळमळ खरी होती, हे मी आधीच सांगते. त्यांनी मला वाचवायचे ठरवले. गाळ काढायला मात्र उतरले ते पलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांतले, बेळगावकडून बांधकामाला आलेले मजूर. आनंदा कमरेला दोर बांधून माझ्या तळाशी राबला. त्याची बायको भाग्यलक्ष्मी वरून चिखलाच्या टोपल्या ओढत होती. झरा मोकळा झाला तेव्हा पहिली ओंजळ आनंदाच प्यायला.

उद्घाटनाला ते दोघे नव्हते. त्यांना कोणी बोलावलेच नाही. ‘आपली बांय, आपला वारसा’ अशी भाषणे झाली आणि त्याच दिवशी माझ्यावर लोखंडी जाळी बसली. जाळीला कुलूप. “हे घाटी मजूर इथे कपडे धुतील, घाण करतील,” असे मंडळातले कोणीतरी म्हणाले.

मंडळाने माझ्याभोवती रोपे लावली. त्यांना पाणी घालायचे काम भाग्यलक्ष्मीला मिळाले. सुमंगलाबाई सकाळी कुलूप काढायच्या, रोपे भिजली की पुन्हा लावायच्या. पत्र्याच्या खोल्यांना नळ नव्हता; घरच्या पाण्यासाठी भाग्यलक्ष्मी बंद खाणीच्या खड्ड्यावर जायची.

उन्हाळ्यात आनंदाला कावीळ झाली. त्या सकाळी भाग्यलक्ष्मीने शेवटची कळशी रोपांना घातली नाही. कडेवर घेऊन ती निघाली.

“खंय चलली गो?” सुमंगलाबाईंनी हटकले.

“खोलीवर, बाई. डॉक्टर म्हणाले, चांगलं पाणी पाजा. एकच घागर हाय.”

“आज तू नेशील, उद्या सगळी वस्ती येतली. ओत ती झाडांक.”

“ह्यातला गाळ त्यानंच काढला की हो.”

“नियम सगळ्यांक सारखो.”

समोरच्या सोप्यावर म्हातारी वत्सला बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, “झाडांक पाणी, माणसांक कुलूप! मग मतांय झाडांकडेच मागा!”

सुमंगलाबाईंचा चेहरा उतरला. पण किल्ली त्यांनी मुठीतच ठेवली. भाग्यलक्ष्मीने फणसाच्या रोपाला सगळी कळशी ओतली, रिकामी कळशी काठावर ठेवली आणि ती गेली. पुन्हा कामावर आली नाही.

थोड्याच दिवसांत खोली रिकामी झाली. दोघे गावी गेले, एवढेच वत्सला कोणाला तरी सांगत होती. आनंदा बरा झाला का, हे मला आजवर कळले नाही.

रोपांसाठी मंडळाने नळाची रबरी नळी आणली. मग कुलूप काढायचे कारणच उरले नाही. उपसा थांबला तसे माझे पाणी हिरवे पडले, वास मारू लागले. मंडळ माझ्याभोवती जमले. “भायल्यांनीच, त्या खोल्यांतल्या लोकांनीच रात्रीचा कायतरी टाकला असतला,” असे ठरले आणि जाळी आणखी बारीक केली गेली. पाणी काढत राहिले तरच विहीर जिवंत राहते, ही साधी गोष्ट नळाच्या पाण्यावर वाढलेल्यांना माहीतच नव्हती.

मित्रांनो, शहर हिरवे करायला निघाल तेव्हा माझ्याकडे जरूर या. झाडे लावा, गाळ काढा. पण पलीकडच्या खोल्यांतल्या बायांना टोपल्या उचलायला बोलवाल, तर पाणी भरायलाही बोलवा. त्यांना वगळून मला जपलेत, तर तुमच्या हाती फक्त एक झाकलेला खड्डा उरेल.