बारावीचा फोटो

बोरी बुद्रुकच्या वैष्णवीला वर्गाच्या फोटोत जागा हवी होती, आणि तीही हर्षालीच्या शेजारची. बाकी सगळं तिला न मागताच मिळालं होतं. लग्न काय, बाळ काय, अठरावं लागायच्या आत उरकलं. घाई घरच्यांना होती! शाळेनं मात्र तिला परत घेतलं. वर्गामागच्या खोलीत पाळणा टांगला, बाळं सांभाळायला कुशाबाई ठेवल्या. मधल्या सुट्टीत वैष्णवी छोट्या संस्कृतीला पाजून यायची, तोवर मुलींचे डबे संपलेले असायचे आणि गप्पाही. मंगळसूत्र ओढणीखाली कितीही दडवलं तरी मुली तिच्यासमोर जरा जपूनच हसायच्या.

"फोटोला माझी जागा धर हां," तिनं हर्षालीला सकाळीच बजावलं.

"धरते गं. तू ये तर खरी."

संक्रांत नुकतीच झालेली. बाळाला पाजून ती फोटोसाठी लगबगीनं निघाली, तर शिक्षिकांच्या खोलीत हळदीकुंकू चाललेलं. मोठ्या बाईंनी दारातच अडवलं. "सवाष्ण ना तू? अशी कशी जाशील? बस."

कुंकवाला नाही कसं म्हणायचं? सासूच्या कानावर गेलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. आणि खरं तर तिच्या स्वतःच्याच तोंडून ते निघेना. ती बसली. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, वाण म्हणून चहाची गाळणी हातात आली. बाईंनी बाळाच्या दातांची चौकशी केली. बाहेर पटांगणात मुली खिदळत होत्या, आणि इकडे हिचं सगळं लक्ष दाराकडे.

ती धावत पोहोचली तेव्हा बाकं परत वर्गात चालली होती.

"सरांनी इचारलं व्हतं गं," हर्षाली म्हणाली. "मी म्हणलं, ती बायकांत बसलीय."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणूनच वैष्णवीला ते जास्त लागलं.

फोटोवाल्याला तिची दया आली. "ताई, बाळाला आणा, तुमचा येगळा काढतो."

"नको भाऊ," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात फोटो आला. वैष्णवीनं हर्षाली शोधली. तिच्या दोन्ही बाजूंना मुली, खांद्याला खांदा लावून. धरलेली जागा कुठं होती, ते तिला काही केल्या सापडेना.

एवढ्यात मागच्या खोलीतून बाळाचं रडणं ऐकू आलं. त्या खोलीत शिक्षिकांची आणखी दोन लेकरं होती, कुणाचंही असेल. पण सगळ्या वर्गानं एकदम मान वळवून वैष्णवीकडे पाहिलं. फोटो पालथा ठेवून ती उठली.