मर्लाच्या फाटकाशी

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: ओहायोतली एक वसाहत आणि घरांमागे सगळ्यांचं सामाईक रान. हरणं फार झाली म्हणून सोसायटीने तिथे धनुष्यबाणाने शिकारीला परवानगी दिली. मात्र जखमी हरीण कुणाच्या अंगणात शिरलं, तर घरच्यांना विचारल्याशिवाय शिकाऱ्याने आत यायचं नाही.

मर्लाच्या हातून रोज सफरचंद खाणारी हरणी आज पोटात बाण घेऊन तिच्याच अंगणात येऊन कोसळली. आई कामावर गेलेली. मागोमाग बाण मारणारे वेंडेलकाका येऊन पोचले, तेव्हा मर्ला फाटक अडवून उभी राहिली.

"तुम्हाला आत येऊ देणार नाही, वेंडेलकाका."

"नको देऊस, बाळ. पण ती वाचायची नाही. संध्याकाळपर्यंत नुसती तडफडेल."

मर्लाने वळून पाहिलं. हरणी अजून पाय झाडत होती.

तिने कडी काढली, मग हरणीपाशी जाऊन तिचे डोळे हाताने झाकले.