टाकीभोवतीचं देऊळ

स्पृहाच्या कंपनीला फ्रान्समधल्या एका गावाचं काम मिळालं, तेव्हा तिला वाटलं, आता आपल्याला तिकडे पाठवतील. आले ते नुसते फोटो. शेतात उभी एक पडकी भिंत. रोमन काळात तिथल्या लोकांनी बांधलेलं देऊळ म्हणे. मधे चौकोनी गाभारा, भोवती फिरायला ओवरी. ते कॉम्प्युटरवर पुन्हा उभं करायचं आणि त्यात भाविक चालवायचे.

देऊळ झकास उभं राहिलं. भाविक मात्र कवायत केल्यासारखे चालत.

"खरी माणसं चालवून शूटिंग करायला हवं," ती घरी म्हणाली. "आत्या, तू आणि तुझ्या भजनातल्या मैत्रिणी याल?"

मंदाकिनीआत्या वीज मंडळातून निवृत्त झालेली. चौकशीशिवाय ती कशाला हो म्हणत नसे. "देव कोणता?"

"नाव कुणालाच माहीत नाही."

"छान! म्हणजे अर्ज बिननावी." पण आली.

रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या चौकोनी टाकीभोवती, साड्यांवरून पांढऱ्या चादरी गुंडाळलेल्या बायका फिरू लागल्या. स्पृहा कॅमेरा धरून उभी. तेवढ्यात सेक्रेटरी गोपाळकृष्ण फडणीस वर आले.

"अहो, हे काय चाललंय?"

"प्रदक्षिणा," आत्या न थांबता म्हणाली.

"टाकीला?"

"आठवडाभर पाणी चढत नाहीये. तुम्हाला सांगून झालं. आता थेट टाकीलाच सांगतोय."

फडणीस आल्या पावली खाली गेले. संध्याकाळी पंपवाला आला.

बायकांची चाल कॉम्प्युटरवरच्या भाविकांना देऊन फिल्म पाठवल्यावर फ्रान्सहून मेल आला. चाल अगदी खरी वाटते. पण पुढची बाई प्रत्येक कोपऱ्यावर भिंतीला हात टेकून थांबते, हा कोणता विधी?

"विधी कसला डोंबलाचा! गुडघे," आत्या म्हणाली.

स्पृहा ओशाळली. चूक सुधारून देते, असं तिने कळवलं. उत्तर आलं: नको, राहू द्या. तिथेही म्हाताऱ्या येतच असणार.

आत्याने फिल्म पाहिली. पांढऱ्या वस्त्रातली एक सडपातळ बाई दगडी भिंतीला हात लावून श्वास घेत होती. आत्या पदराने चष्मा पुसून म्हणाली, "पुन्हा लाव."

पुन्हा पाहिल्यावर ती उठली आणि चपला शोधू लागली.

"कुठे निघालीस?"

"भजनातल्या कुमुदला बोलावते. दोन हजार वर्षांपूर्वी आपण किती बारीक होतो, कळू दे तिला."