बाई आल्या

“‘समन्यायी’ म्हण,” मी म्हणाले.

“समन्नाई.”

“पुन्हा.”

दुर्गाने डोळे मिटून घेतले. माझी सून बारावी उत्तीर्ण आहे, बुद्धीने तल्लख आहे. पण कठीण शब्द समोर आला की प्रथमच जुंपलेल्या गोऱ्ह्यासारखी मान आखडते. “समन्यायी पाणीवाटप हा प्रत्येक लाभधारकाचा मूलभूत हक्क आहे,” ती अखेर एका दमात म्हणाली, आणि लगेच डोळे उघडून विचारू लागली, “आई, लाभधारक म्हंजे आपली रुख्मामावशीच ना?”

“तीही.”

“मंग रुख्मामावशीच म्हनलं तं?”

“सभेत कोणी मावशी नसते. पुढचे वाक्य.”

हे दोन हजार सातच्या दिवाळीनंतरचे. ग्रामपंचायतीतील आमच्या वॉर्डाची जागा स्त्रियांसाठी राखीव झाली होती. पक्षाने मला विचारले आणि मी दुर्गाला उभे केले. दुर्गाला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. माझे दिवंगत यजमान चैतराम यांनी चाळीस वर्षे या पक्षाचे काम केले आणि एकही निवडणूक जिंकली नाही. लोक त्यांच्या सभांना येत, शांत बसून ऐकत आणि मत दुसऱ्याला देत. “लोक अजून जागे झालेले नाहीत,” असे ते म्हणत. मीही तेच म्हणत असे. छत्तीस वर्षे मी शाळेत होते, त्यांतली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. समजले नाही तर दोष ऐकणाऱ्याचाच असतो, ही माझी इतक्या वर्षांची खात्री होती.

प्रश्न साधा होता. गावच्या तलावाचे पाणी पाटाने खाली उतरते. पाटाच्या तोंडाशी राइस मिलवाले गुलाबचंदशेठ यांची चाळीस एकर जमीन, आणि पाणी सोडण्याची फळी त्यांच्याच माणसाच्या हातात. टोकाच्या बांध्या, म्हणजे धानाची शेते, आमच्या लोकांच्या. वरच्यांची तहान भागली की उरेल ते पाणी टोकाला यायचे, म्हणजे बहुधा यायचेच नाही, आणि ऐन निसवणीत, लोंब्या बाहेर पडताना, धान पोचट राहायचे. दुर्गा निवडून आली असती तर पाण्याची पाळी बांधून घेता आली असती. एक जास्तीचे पाणी. एवढेच पणाला लागले होते, आणि टोकाच्या साठ घरांना तेवढेच पुरे होते.

ही गोष्ट दुर्गाला मी शिकवलेली नव्हती. त्याच वर्षीच्या रोवण्यात, धानाच्या लावणीत, मी आमच्या शेताकडे गेले होते. बांधीत वीसेक बायका ओळीने वाकलेल्या. त्यांत रोवण्याच्या टोळीची म्होरकी रुख्मा, आणि तिच्या शेजारी गुडघ्यापर्यंत चिखलात माझी सून. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पोचण्याआधीच दुर्गा ताठ उभी राहिली. शेजारच्या उंचवट्यावर चढून तिथल्या ओल्या मातीत तिने टाचेने एक लांब रेघ ओढली, रेघेच्या वरच्या टोकाला टाच गरगर फिरवून खड्डा केला आणि लोट्यातले पाणी सोडले.

“हा आपला पाट. हे गुलाबचंदशेठचं पोट. पाहा आता, आपल्यापावतर काय येते ते.”

पाणी खड्ड्यात फिरले आणि तिथेच जिरले. रेघेच्या खालच्या टोकाला थोडी माती ओलावली, इतकेच.

“अव माय,” रुख्मा म्हणाली, “येवढं तं माह्या बोकडाचं मूत येते.”

बायका पोट धरून हसल्या. एकीने विचारले, “मंग आपन काय करावं व दुर्गा?” दुर्गाने पायाच्या अंगठ्याने खड्ड्याच्या तोंडाशी मातीचा लहानसा बांध घातला. “आठ दिवस त्यायचं, आठ दिवस आपलं. फळी आपल्या हाती पायजे. फळीसाठी पंचायतीत आपला मानूस पायजे.”

तेवढ्यात कोणीतरी मला पाहिले. “बाई आल्या,” ती हलकेच म्हणाली. हसणे जागच्या जागी थांबले, पदर सावरले गेले, वीस पाठी पुन्हा वाकल्या. हा माझा मान आहे असे मी समजत असे.

घरी आल्यावर मी दुर्गाला सांगितले, की उद्या जिने खुर्चीवर बसायचे तिने चिखलात उभे राहून असे बोलणे शोभत नाही.

माझ्या या हट्टाला एक जुने कारण आहे. भंडाऱ्याला शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी गेले तेव्हा पहिल्याच पाठात माझ्या तोंडून “मले” निघाले. वर्ग हसला. गुरुजींनी मला उभे करून तो शब्द दहा वेळा शुद्ध म्हणायला लावला. दहाव्या वेळी मी जो शुद्ध म्हटला, तो पुढे जन्मभर तसाच म्हटला. त्या बोलण्याने मला खुर्ची दिली. ज्या गावाने माझ्या बापाला पारावर टेकू दिले नाही, त्या गावाने मला “बाई” म्हटले. जे मला तारून गेले तेच मी सुनेला देत होते. निदान तशी माझी समजूत होती.

गावच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आधी शालिकराम घरी आला. यजमानांचा तो जुना सोबती. हातात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटल्याशिवाय त्याला विचार सुचत नाही.

“बाई, दंडारवाले आपलेच पोट्टे आहेत. मंडईच्या दिवशी चार गावचे पाहुणे आन् अख्खा वार्ड तेथंच राहते. ते म्हनून राहिले, दोन गमतींच्या मंधात दुर्गावहिनीले उभी करा. ते पाटाचं आन् पोटाचं करून दाखवू द्या. लोकं हासतीनबी आन् ध्यानातबी ठेवतीन.”

“दंडारीत लुगडे नेसून नाचणाऱ्या पुरुषांच्या शेजारी माझी सून उभी राहणार नाही. आपली सभा रविवारी आहे. व्यवस्थित व्यासपीठ असेल, माईक असेल.”

“चैतरामदादाबी असेच म्हनत.”

“मग?”

“मंग काही नाही जी,” खर्रा तोंडात टाकत तो म्हणाला. “ते हारलेच ना.”

त्याला मी चहा न देता परत पाठवले. दुर्गा दारात उभी राहून ऐकत होती. हातातला कागद उघडून तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून पाठ करायला सुरुवात केली.

मंडईला गुलाबचंदशेठची सून गुंजन गेली. आमच्याविरुद्ध तीच उभी होती. शहरात वाढलेली, हिंदीत बोलणारी मुलगी. शालिकरामने दुसऱ्या दिवशी वाटेतच उभे राहून मला वृत्तांत दिला. गुंजन बायकांमध्ये खाली बसली, कोणाच्या तरी डब्यातला अनरसा मागून खाल्ला, आणि दंडार थांबवून तिला बोलायला लावले तेव्हा एवढेच म्हणाली, “मुझे कुछ नहीं आता, मावशी. तुमी सांगजो, मैं ससुरजी से लडूंगी.” लोकांनी टाळ्या पिटल्या.

“खोटे बोलते,” मी म्हणाले.

“हो जी, खोटंच,” शालिकराम म्हणाला. “पन आयकू आलं.”

रविवारची सभा नेटकी झाली. दुर्गाला मी निळ्या काठाचे पांढरे पातळ नेसवले होते, पायात नव्या चपला दिल्या होत्या. ती चौदा मिनिटे बोलली. समन्यायी पाणीवाटप, लाभक्षेत्र, लोकसहभाग, विकेंद्रीकरण. एकही शब्द अडखळला नाही. लोक शांत बसले होते. पहिल्याच ओळीत रुख्मा होती, आणि ती सबंध भाषणभर दुर्गाच्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहत होती. मला तो तिचा अडाणीपणा वाटला. भाषण संपले तेव्हा प्रथम टाळी मी वाजवली. इतकी समाधानी मी स्वतःच्या निरोप समारंभातही नव्हते.

सतरा मतांनी दुर्गा पडली.

संध्याकाळी ती माझ्यापाशी येऊन बसली. भाषणाचा कागद घडी घालून तिने जपून ठेवला होता. तो तिने माझ्या हाती परत दिला. “आई,” तिने विचारले, “माह्यं काही चुकलं काय?”

“नाही,” मी म्हणाले. “एकही चूक झाली नाही.”

हे खरे होते, आणि ते म्हणताना प्रथमच माझा आवाज मला परका वाटला.

दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर रुख्मा भेटली. मला राहवले नाही. वर्गातल्या मुलीला विचारावे तसे मी विचारले, “खरे सांग रुख्मा, मत कोणाला दिलेस?”

“गुंजनले,” ती म्हणाली. तिने ना नजर चुकवली, ना हापसा थांबवला.

“तुझी बांधी तर टोकाला. कोरडी तुझीच राहते ना?”

“राहते जी. ते तं राहतेच.”

“मग काऊन?” ‘का’ऐवजी हा गावचा शब्द माझ्या तोंडून पंचेचाळीस वर्षांनी निघाला होता. रुख्माने हापसा सोडला आणि माझ्याकडे नीट पाहिले.

“बाई, आमी सभेत दुर्गाले आयकाले आलो होतो. रोवण्यात सांगते तशी सांगंल म्हनून. मी तं तिच्या पायाकडेच पाहून राहिली होती, आता टाच मारंल, मंग मारंल. पन ते दुर्गा नोयतीच. ते तुमीच होत्या. आन् तुमच्यापुढं आमी कधी बोललो जी? तुमी इचारलं की उभं राहाचं आन् बसा म्हनलं की बसाचं. त्या पोरीनं खोटं काऊन होईना, पन सांगा म्हनलं.”

पितळी गुंड पाण्याने भरून, डोक्यावर घेऊन ती निघाली. चार पावले जाऊन वळली. “राग नोका धरू, बाई. दुर्गाले रोवण्याले धाडजा.”

राग मला आला नाही. त्या दिवशी मी देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या माझ्या खुर्चीत बसले, आणि यजमानांच्या तसबिरीकडे पाहण्याचे मी टाळले. चाळीस वर्षे आम्ही दोघे लोकांना झोपलेले म्हणत होतो. ते जागेच होते. आम्ही ज्या वर्गात गेलो तिथे ते फक्त हाताची घडी घालून बसत होते.

पुढच्या श्रावणात मी छत्री घेऊन पुन्हा शेताकडे गेले. दुर्गाला मी रोवण्याला धाडले होते. खरे तर ती स्वतःच गेली होती आणि मी अडवले नव्हते. टोकाच्या बांध्यांत त्या वर्षीही पाणी बेताचेच होते. दुरूनच दुर्गाचा आवाज ऐकू आला. ती काही सांगत होती, हात उडवत होती, बायका मध्येच तिला तोडून बोलत होत्या. मी पाय उचलला. मनाशी एक वाक्य धरले होते: बोलून राहा व, मीबी आयकतो. माझ्या आईच्या तोंडचे होते ते.

“बाई आल्या,” कोणीतरी म्हणाले.

पदर सावरले गेले. वीस पाठी वाकल्या. ती शांतता मी ओळखली. रविवारच्या सभेत हीच होती, यजमानांच्या प्रत्येक सभेत हीच, माझ्या वर्गांत छत्तीस वर्षे हीच. मी तोंड उघडले.

“चालू द्या,” मी म्हणाले. तीही आज्ञाच निघाली.

दुर्गाने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पेंढीतली पऱ्ह्याची रोपे मोजून चिखलात खोचली. मी धुऱ्यावरून परत फिरले. वळणावरच्या पळसाआड येताच छत्री मिटली, कारण काळी छत्री दुरूनही दिसते. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग रुख्मा काहीतरी म्हणाली, दुर्गाने उत्तर दिले, आणि साऱ्या जणी खळखळून हसल्या. इतक्या लांबून शब्द कळत नव्हते. एक पाऊल पुढे टाकले असते तर ते हसणे थांबले असते. म्हणून मी होते तिथेच, मिटलेली छत्री हातात धरून, उभी राहिले.