एका बोटाने थांबणारी गाडी

"पळती किती ते मला सांगू नको. थांबती कशी, ते सांग," असं आत्याबाई म्हणाल्या आणि तिथंच सगळं ठरलं.

आत्याबाई म्हणजे बनुबाई, माझ्या सासूबाई. त्यांचं बोलणं घरात कुणी मोडत नाही. माझे सासरे सहादेव उतारावर न थांबलेल्या ट्रॅक्टरखाली गेले, तेव्हापासून त्या चाकाच्या कुठल्याही वस्तूकडे संशयानंच बघतात.

चौऱ्याण्णवच्या ऊस-गळितातली ही गोष्ट, अजून वर्ष व्हायचंय. माझा धाकटा दीर आदिनाथ साखर कारखान्यात फिटर होता. पगार सुरू झाला तशी त्याला मोटारसायकलची भूक लागली. मित्रांच्या गाड्या मागून आणायचा, काष्टीच्या रस्त्याला पिटाळून बघायचा आणि संध्याकाळी नावं ठेवायचा. शंभर सीसीची म्हणे शिलाई मशीन. बुलेट म्हणे म्हैस, सरळ रस्त्याला गुणाची, वळण आलं की हट्ट धरते.

"भावजी, गाडी बघताय का नवरी?" मी चिडवायची.

"नवरी तुमी पसंत करा, वैनी. गाडी मी करतो."

कारखान्यात नवी यंत्रं बसवायला एक इटालियन साहेब आला होता. त्यानं आपली मोटारसायकल जहाजानं सोबत आणलेली. परत जाताना ती विकायला काढली. त्याच्या हाताखाली काम केलेल्या आदिनाथनं ती आधीच मनात धरून ठेवलेली होती. "आता लागली आपल्याला साडेसाती," असं मी तेव्हा हसत हसत म्हणाले होते. जिभेला हाड नसतं हेच खरं.

गाडी दाखवायला आणली तेव्हा सगळी वस्ती गोळा झाली. उंच, काटकुळी, टोळासारखी. चिखलातल्या शर्यतीच्या गाडीला डांबरी रस्त्याचे रुंद टायर घातलेले. साडेतीनशे सीसी, एकच सिलिंडर, आणि सीट फळीएवढं. मागं बसणाऱ्यानं पाय ठेवायचे कुठं, तर कुठंच नाही.

"सुपरमोटार्ड म्हंत्यात हिला," आदिनाथ म्हणाला. "एकट्यानं वळणं घ्यायची गाडी हाय."

"एकट्यानं कुठं जायचंय तुम्हाला?"

"कुटं न्हाई, वैनी. नुसतं जाऊन यायचं."

तेव्हाच आत्याबाईंनी तो प्रश्न विचारला. आदिनाथ जणू त्याचीच वाट बघत होता. त्यानं आईला हाताला धरून पुढच्या चाकाशी बसवलं. तिथं ताटाएवढी एक चकचकीत लोखंडी चकती होती. आमच्याकडे असली चकती कुणी पाहिली नव्हती. बाकीच्या गाड्यांचे ब्रेक चाकाच्या पोटात झाकलेले असतात.

"हिचं सगळं उघड्यावर हाय, आये. वर एका बोटानं दाबलं की हा चिमटा ह्या चकतीला धरतो. मागच्या चाकालाबी तसंच."

मग वस्तीच्या टोकापासून सुसाट आला आणि आईच्या पावलांपासून हातभर अंतरावर थांबला. बायका किंचाळल्या. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी वाकून चकतीला बोट लावलं आणि चटका बसला म्हणून मागं घेतलं.

"हीच तुज्या लेकाला संभाळनार बघ," आदिनाथ म्हणाला.

"घे मग," आत्याबाई म्हणाल्या. पोरानं पळणारी गाडी नव्हे, थांबणारी गाडी निवडली, हे त्या नंतर घरोघर सांगत होत्या. माझ्या मनात मात्र काहीतरी खुपत होतं. काय, ते सांगता येत नव्हतं.

शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत, म्हणून गाडी शुक्रवारी आली. शनिवारी आत्याबाई आमच्या ह्यांना, म्हणजे थोरल्या लेकाला, कानिफनाथला घेऊन शिंगणापूरला गेल्या. बायकांना चौथऱ्यावर जाता येत नाही, म्हणून ह्यांच्या हातून देवाला तेल वाहिलं. अर्धी बाटली देवाला, अर्धी परत आणली गाडीसाठी. तोवर आदिनाथनं किल्लीला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. पोरगं दिवसभर गाडीभोवती घुटमळत राहिलं.

रविवारी सकाळी पूजा. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. आदिनाथ आत बूट चढवत होता, हे गोठ्यात होते. आत्याबाई चाकाशी फतकल मारून बसल्या, तळहातावर तेल घेतलं आणि त्या चकतीला चोळू लागल्या. पुढची झाली, मागची झाली. दोन्ही अंगांनी, हळूहळू, तान्ह्या पोराची टाळू भरावी तसं.

"किती उघडं ठिवलंय बिचारीला," त्या म्हणाल्या.

मी आरतीचं ताट धरून उभी होते. मलाही ते बरंच वाटलं. आमच्याकडे नांगराच्या फाळाला तेल लावतात, कात्रीला लावतात, कडीकोयंड्याला लावतात. लोखंडाला तेल, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तेलाचा ओघळ चिमट्यात उतरला आणि चकती आरशासारखी दिसू लागली.

आदिनाथ आला, आईच्या पाया पडला.

"सावकाश जा रं."

"एक बोट पुरं हाय, आये," तो हसला. लिंबं चिरडून गाडी निघाली.

आमच्या वस्तीवरून ओढ्याकडे मोठा उतार आहे आणि खाली पुलाशी वळण. ते दिसत नाही, ऐकू मात्र येतं. आवाज चढत गेला. वळणाशी तो उतरायला हवा होता, उतरला नाही. मग एकदम थांबला. आत्याबाई ओट्यावर तेलाचे हात पदराला पुसत होत्या.

कारखान्याला ऊस वाहणारा पुंजाराम बैलगाडी सोडून धावत वर आला. "गाडी आडवी हुती माजी, पर लांबनं दिसत हुती. पोरानं ब्रेकाची मूठ आवळलेली म्या ह्या डोळ्यांनी बघितली. थांबलीच न्हाई वो!"

आदिनाथ दवाखान्यात पोचलाच नाही.

दहावं झाल्यावर हे मोडकी गाडी घेऊन आले. गोठ्यामागं ठेवली. चकतीवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"तेल हाय," एवढंच म्हणाले. "तेलावर काय धरतंय?"

मला रडूही आलं नाही. आत्याबाईंचा इतका राग आला की त्यांचं तोंड बघू नये असं वाटलं, आणि त्याच क्षणी त्यांची इतकी दया आली की मी तोंडात पदर कोंबला. त्यांना सांगायचं नाही, हे आम्ही दोघांनी न बोलताच ठरवलं.

महिन्याभरानं त्यांनीच विचारलं. मी भाकरी थापत होते.

"तेल कमी पडलं का गं?"

"नाही, आत्याबाई. पुष्कळ होतं."

"न्हाई, कमीच पडलं. म्या बाटलीत ठिवलं हुतं जरासं. हात आखडला म्या."

तेव्हापासून त्या हात आखडत नाहीत. राहिलेला एकच मुलगा, आणि तो सायकलवर दूध घालायला जातो. सायकलचे ब्रेक रिमला घासून लागतात. आत्याबाई दर शनिवारी दोन्ही रिमा तेलानं माखतात, तोंडानं देवाचं नाव घेत. हे त्यांना माखू देतात, मग दुधाचे कॅन लावतात, सायकल हातात धरून बाभळीपर्यंत चालत जातात आणि तिथं खिशातून नेलेल्या, राख लावलेल्या फडक्यानं रिमा घासून पुसतात. मगच उताराला लागतात.

परवाच्या शनिवारी मी भांडी घासून उठले आणि बघते तर ते फडकं घरात कपड्यांच्या दांडीवरच राहिलेलं.

ओढ्याच्या उतारावर त्यांची घंटी वाजत होती. मी ओल्या हातानं फडकं ओढलं आणि अनवाणी पळत सुटले.

"अगं, काय झालं? कुटं पळतीस?" आत्याबाईंनी ओट्यावरून विचारलं. त्यांच्या हातात बाटली होती.